धक्क्यावरचा बर्फ आणि मोडलेली मनगटे

बर्फावरून घसरून हाड मोडणे हे काश्मीरचे, लडाखचे किंवा फार तर कॅनडाचे दुखणे, असा आपला समज असतो. कोकणात कुठला आलाय बर्फ? दवाखान्याची पाटी लावून मला पंचवीस वर्षे होऊन गेली, तरी अगदी परवापरवापर्यंत माझाही तोच समज होता. वास्तविक आपल्या किनाऱ्यावर मासेमारीच्या हंगामात रोज पहाटे बर्फ पडतो. तो आकाशातून पडत नाही, बर्फ फोडण्याच्या यंत्रातून पडतो, एवढाच फरक.

मागच्या हंगामातली गोष्ट. ऑक्टोबरचा महिना. सकाळी साडेसातला दवाखान्याचे दार उघडतो तो पायरीवर एक बाई बसलेल्या. वय पन्नाशीच्या पुढे. धक्क्यावरून टेम्पोपर्यंत मासळीच्या पाट्या वाहण्याचे काम करतात. उजवे मनगट सुजून टम्म झालेले, त्याला पदराचा आधार दिलेला आणि बाजूने पाहिले तर जेवणाचा काटा उलटा धरावा तसा हाताला बाक आलेला. क्ष-किरण तपासणीची वाट पाहण्याचे कारणच नव्हते.

"मावशी, काय झाले?"

"पाय गेला, डॉक्टर. बर्फावरून."

यावर मी जे म्हणालो ते गेली पंचवीस वर्षे म्हणत आलो आहे. "अहो, जरा खाली बघून चालायचे नाही का?"

मावशी कण्हत होत्या, पण उत्तर मात्र तयार होते. "डोक्यावर पाटी असल्यावर खाली बघायचे कसे, ते तुम्ही सांगा."

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. डोक्यावर ओझे घेतलेल्या माणसाची मान ताठच राहते. त्याला समोरचे दिसते, पायाखालचे दिसत नाही. म्हणजे माझा सल्ला त्यांना पाळता येण्यासारखाच नव्हता. मावशींना जिल्ह्याच्या ठिकाणी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि दुपारी जेवणानंतर त्या हंगामातले केसपेपर चाळायला बसलो. धक्क्यावर पडून आलेले आणखी चार रुग्ण सापडले. दोन मनगटे, एक घोटा आणि एकाच्या माकडहाडाला मार. त्यातल्या तिघांना मी फोन केला. "कुठे पडलात?" तिघांचेही उत्तर एकच होते : "यंत्राच्या पुढे." मावशीही तिथेच पडल्या होत्या. माझ्या केसपेपरवर मात्र चौघांपुढे मी फक्त "घसरून पडले" एवढे दोन शब्द लिहून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मी धक्क्यावर गेलो. (पायात चामड्याच्या चपला घालून गेलो, हा शहाणपणा माझाच. दोन मिनिटांत एका टेम्पोची फळी धरून उभे राहण्याची पाळी आली.) बर्फाच्या लाद्या माणसाच्या वजनापेक्षाही भारी असतात. त्या यंत्रात ढकलल्या की खालून चुरा बाहेर येतो आणि तो क्रेटमध्ये भरतात. चुऱ्याचा बराचसा भाग क्रेटबाहेर सांडतो. यंत्र अगदी वाटेत, बोटी आणि टेम्पो यांच्या मधोमध बसवलेले. वितळलेल्या पाण्याला जायला जो नाला होता तो खवल्यांनी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेला. वर्षानुवर्षांच्या वर्दळीने सिमेंट गुळगुळीत झालेले. त्यावर मासळीचा बुळबुळीत थर, त्यावर पाणी आणि त्यावर बर्फाचे खडे. घसरू नये म्हणून कोणीतरी गोणपाट टाकले होते, पण ते गोणपाटच पायाखालून सरकत होते. यंत्रावर एक झगझगीत दिवा आणि त्याच्या पुढे दहा पावलांवर मिट्ट अंधार. उजेडातून एकदम अंधारात आल्यावर काही क्षण डोळ्यांना काही दिसत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. माणसे पडत होती ती नेमकी याच दहा पावलांत.

आता थोडे शास्त्र. माणूस चालतो तेव्हा पुढच्या पायाची टाच आधी जमिनीला टेकते आणि त्याच क्षणी शरीराचे वजन तिच्यावर येऊ लागते. जमिनीने टाचेला धरून ठेवले नाही तर टाच पुढे निसटते, धड मागे राहते आणि माणूस पाठीवर किंवा कुशीवर आपटतो. ही 'धरून ठेवण्याची' ताकद म्हणजे घर्षण. सपाट जागी साधे चालायला साधारण ०.२ इतका घर्षणांक पुरतो. कोरड्या सिमेंटवर रबरी तळव्याला ०.५ किंवा त्याहून जास्त मिळतो, म्हणून एरवी आपल्याला त्याचा विचारही करावा लागत नाही. वितळत्या बर्फावर तो ०.१ च्याही खाली जातो. चढ-उतार असेल, घाई असेल किंवा ढांग लांब असेल तर गरज वाढते आणि पुरवठा मात्र तेवढाच राहतो. आणखी एक गंमत अशी की, बर्फ जितका थंड तितका घसरडा असे नसते. कडक थंडीतला कोरडा बर्फ त्या मानाने बरा. शून्य अंशाच्या आसपासचा, पाण्याचा थर सुटलेला बर्फ सर्वांत वाईट. आपल्या धक्क्यावरचा बर्फ कायम याच अवस्थेत असतो. म्हणजे कॅनडाचे निम्मे दिवस आपल्यापेक्षा बरे म्हणायचे!

माझा एक भाचा तिकडे असतो. तिथे हिवाळ्यात फुटपाथवर मीठ आणि वाळूची खर टाकतात, असे तो सांगतो. हे वाचून उद्या कोणी धक्क्यावर मिठाची गोणी रिकामी करू नये. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि जमिनीला चिकटलेला बर्फ सुटतो, हा त्याचा उपयोग. आपला बर्फ आपणहूनच वितळत असतो, त्याला मिठाची मदत नको. वाळूने पकड येते हे खरे, पण ती मासळीत जाते आणि व्यापारी क्रेट परत करतो. आपला इलाज आपल्यालाच शोधायला हवा.

तो फारसा अवघड नाही. सांडलेला चुरा लगेच फावड्याने ओढून घेणारा एक माणूस हवा आणि त्याला दुसरे काम सांगायचे नाही. पाण्याला वाट हवी, म्हणजे नाला रोज उपसला पाहिजे. मासळीचा बुळबुळीतपणा नुसते समुद्राचे पाणी मारून जात नाही, उलट तो पसरतो. त्याला धुण्याच्या पावडरीचे पाणी आणि ताठ काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश लागतो आणि मग रबरी पट्टीने पाणी ओढून काढावे लागते. गुळगुळीत झालेल्या सिमेंटला टाके मारून घेता येतात. चालण्याची वाट आणि बर्फाची जागा वेगळी ठेवता येते. दिवा यंत्रावर एकच न लावता वाटेवर दोन लावता येतात.

हे सगळे मी यंत्राच्या मालकांना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "डॉक्टर, धक्क्यावर पाणी असणारच." खरे आहे. पण पाण्यावरून माणसे पडत नव्हती, माणसे पडत होती ती बर्फाच्या खड्यांवरून आणि बुळबुळीवरून, अंधारात. नशिबाला किंवा बाईमाणसाच्या वेंधळेपणाला दोष देण्याआधी एक साधी गोष्ट पाहावी : एकाच जागी चार माणसे पडली तर दोष माणसांत असण्याचा संभव कमी आणि जागेत असण्याचा जास्त. हे पटायला मलाही पंचवीस वर्षे लागली.

धक्क्याच्या पायऱ्यांचे दुखणे थोडे वेगळे. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी असते. त्या काळात वर्दळ थांबते आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या पायऱ्यांवर शेवाळाचा हिरवा थर चढतो. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात म्हणून सावध असावे. ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकून, थोडा वेळ थांबून खराट्याने घासले की शेवाळ निघते. मात्र त्यात संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीत गेला तर माणूस गुदमरतो. दोन औषधे मिसळली की दुप्पट काम होते, हा आपल्याकडचा आवडता गैरसमज आहे.

मासळी प्रक्रियेच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलीही माझ्याकडे येतात. तिथला धोका शीतगृहाच्या उंबरठ्यावर असतो. दार उघडे राहिले की बाहेरची दमट हवा आत शिरते, तिच्यातली वाफ थंड जमिनीवर जमते आणि तिथेच गोठते. हा बर्फ पातळ काचेसारखा असतो, दिसतसुद्धा नाही. दार उघडे टाकून न ठेवणे, दारावर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा ठेवणे, पाळीच्या सुरुवातीला उंबरठा खरवडणे आणि ओल्या बुटांनी आत न जाणे एवढ्याने बरेच भागते.

पायात काय घालावे? रबरी स्लीपर, विशेषतः झिजून तळ गुळगुळीत झालेली, ही सर्वांत वाईट. ती पायाला धरून राहत नाही, आणि घसरणाऱ्या पायाबरोबर स्वतः वेगळी घसरते. अनवाणी चालणाऱ्या बाया सांगतात की, अनवाणी पायाला पकड चांगली मिळते. थोड्या वेळापुरते ते खरेही आहे. पण बर्फाच्या पाण्यात पाय बधिर झाले की जमीन कळेनाशी होते. शिवाय काटे आणि काचा आहेतच. मऊ रबरी तळाचे, खोल खाचांचे गमबूट सर्वांत चांगले. घेताना मापाचे घ्यावेत. नवऱ्याचे मोठे बूट बायकोने घालून काम करणे म्हणजे पडण्याची तयारीच. तळाच्या खाचांत खवले भरले असतील तर त्या असून नसल्यासारख्या, म्हणून कामाच्या मधूनमधून ब्रशने साफ कराव्यात. खाचेत नखाचे टोक शिरेनासे झाले की तो बूट संपला असे समजावे, वरून तो कितीही चांगला दिसो.

चालण्याबद्दल मी आता "जपून चाला" असे सांगत नाही. बदकासारखे चाला, असे सांगतो. पावले आखूड, पाय थोडे फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले आणि टाच आधी न टेकता सगळे पाऊल एकदम खाली. ढांग आखूड झाली की टाचेला लागणारी पकड कमी होते. लोक हसतील तर हसोत. आणि पाय सुटलाच तर पाटी सोडून द्या. मी पाहिलेल्या निम्म्या लोकांनी मासळी वाचवण्याच्या नादात स्वतःला सावरले नाही. हनुवटी छातीला लावली तर डोक्याची मागची बाजू वाचते.

काही माणसांनी अशा जागी जास्त काळजी घ्यायला हवी. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते. त्यात बर्फाचे पाणी, म्हणजे दुहेरी बधिरता. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी बसलेले एकदम उठताना चक्कर येते. मासळी निवडायला तासभर उकिडवे बसून झटकन उठणाऱ्या बायांना हे विशेष सांगावेसे वाटते : आधी बसल्या जागी पाय हलवा, मग उठा. मोतीबिंदू असलेल्यांना अंधुक उजेडात खालची जमीन नीट दिसत नाही. दोन भागांच्या चष्म्याच्या खालच्या काचेतून पायरी पुसट दिसते. आणि पहाटेच्या गारठ्यात 'थोडी' घेऊन कामाला येणारे खलाशीबंधू आहेतच. त्यांना मी निराळे काय सांगू?

आता, पडल्यावर काय करायचे. इथे मात्र मला थोडे लांबण लावू द्या, कारण पडण्याने होते त्यापेक्षा जास्त नुकसान पुष्कळदा पडल्यानंतरच्या दोन तासांत होते.

मनगटाच्या ज्या अस्थिभंगाबद्दल मी वर लिहिले त्याला कोलिस यांचे नाव आहे. डब्लिनच्या या शल्यचिकित्सकाने १८१४ साली त्याचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली, म्हणजे केवळ डोळ्यांनी आणि हातांनी तपासून त्याने हे ओळखले होते. तोल गेला की माणूस हात टेकतो आणि सगळे वजन मनगटावर येते. अशा वेळी पहिले काम बांगड्या आणि अंगठ्या काढण्याचे. सूज अर्ध्या तासात वाढते, मग काचेची बांगडी फोडावी लागते आणि अंगठी कापावी लागते. हिरव्या बांगड्या उतरवायला बाया तयार होत नाहीत, त्यांना समजावून सांगावे. मग हात जसा आहे तसाच, ओढून सरळ न करता, पुठ्ठ्यावर किंवा घडी केलेल्या वर्तमानपत्रावर ठेवून सैलसर बांधावा आणि गळ्यात झोळी द्यावी. बर्फाने शेक द्यायचा असेल तर (धक्क्यावर त्याला तोटा नाही) बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, थेट कातडीवर नाही.

तेल लावून चोळू नये. हे मी मुद्दाम वेगळे लिहितो. आपल्याकडे अजूनही आधी चोळणाऱ्याकडे आणि मग डॉक्टरकडे असा क्रम आहे. बांबूच्या कामट्या आवळून बांधलेला एक हात मी माझ्या उमेदीच्या काळात पाहिला. तरुण खलाशी होता, हाताचे हाड मोडले होते. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला तेव्हा बोटे थंड, निळसर आणि बधिर. रक्तपुरवठा तुटून आतले स्नायू मेले होते. हाड पुढे जुळले, पण पंजा कायमचा आखडला आणि जाळे ओढणे संपले. कोणीही बांधलेली पट्टी असो, प्लॅस्टरसुद्धा असो, बोटे बधिर झाली, निळी पडली, थंड लागू लागली किंवा बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट न पाहता, त्याच रात्री ती सोडवून घ्यावी.

अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर जो खळगा पडतो तिथे दाबून दुखत असेल, तर पहिला एक्स-रे चांगला आला तरी निर्धास्त राहू नये. तिथल्या छोट्या हाडाची चीर कधी कधी दहा-चौदा दिवसांनीच फोटोत दिसते. उतारवयात पडल्यावर उभे राहता येत नसेल आणि एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडले असे समजून माणसाला चालवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

डोक्याला मार लागला असेल तर किमान पहिला दिवस-रात्र माणसाला एकटे सोडू नये. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फीट येणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, हातापायातली शक्ती जाणे किंवा कानानाकातून पाणी अथवा रक्त येणे, यातले एकही लक्षण दिसले तर थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. मधल्या वेळात माणूस अगदी ठीक वाटला, चहा प्यायला, हसला, म्हणून फसू नये. आत रक्त साचत असताना असा बरा वाटणारा काळ येऊ शकतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर लक्षणांची वाटही पाहू नये. वृद्धांमध्ये हे रक्त सावकाश साचते आणि दोन-तीन आठवड्यांनी आजोबा 'विसराळू झाले' किंवा 'पाय ओढतात' असे घरचे सांगत येतात. पडल्याची आठवण कोणालाच नसते.

पन्नाशीच्या पुढच्या बाईचे मनगट साध्या पडण्याने मोडले, तर प्लॅस्टर निघाल्यावर विषय संपत नाही. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि मनगट ही त्याची पहिली सूचना असू शकते. पुढची पाळी खुब्याची. हाडांची घनता तपासून घ्यावी, 'ड' जीवनसत्त्वाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि काट्यासकट खाण्याची बारीक मासळी, जी आपण विकून टाकतो, ती थोडी घरातही शिजवावी.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. १९४८ च्या कारखाना कायद्यात, ३२ व्या कलमात, कामाच्या जागेतली जमीन आणि ये-जा करण्याच्या वाटा घसरवणाऱ्या पदार्थांपासून मुक्त ठेवाव्यात असे स्पष्ट लिहिले होते. कामावर झालेल्या इजेची भरपाई मिळावी हे तत्त्व तर १९२३ च्या कायद्यापासून आपल्याकडे आहे. पण कामगाराने काही मागायचे म्हटले तर कागद लागतो आणि पहिला कागद आपण लिहितो. कुठे पडले, किती वाजता, पायात काय होते, डोक्यावर किंवा हातात ओझे होते का, जमीन कशी होती, या पाच गोष्टी लिहायला दोन मिनिटे लागतात. मी आता लिहितो.

धक्क्यावरचे यंत्र अजून जागचे हललेले नाही. ते हलवायचे तर खर्च फार येतो म्हणतात. पण नाला उपसला गेला, वाटेवर दोन दिवे आले आणि गोणपाटाच्या जागी भोकाभोकांची रबरी जाळी टाकली आहे. तिचा एक कोपरा दुमडलेला असतो. त्यात पाय अडकेल, म्हणून तो ठोकून घ्या असे मी दोनदा सांगून आलो आहे. फावडे घेतलेला मुलगा मात्र कधी असतो, कधी नसतो. नसला की यंत्रावरचाच कोणीतरी वेळ मिळेल तसा चुरा ओढतो.

मावशींचे प्लॅस्टर सहा आठवड्यांनी निघाले. मनगट थोडे वाकडे जुळले आहे. मऊ चेंडू दाबण्याचा आणि कोमट पाण्यात बोटे हलवण्याचा व्यायाम त्यांनी दोन महिने नेटाने केला, तेव्हा आता पाटी उचलतात, पण ओले लुगडे पिळताना अजून कळ येते म्हणतात. मागच्या आठवड्यात रक्तदाब तपासायला आल्या होत्या. पायात नवे गमबूट होते. मी उलटे करून तळ पाहिला. खाचांत खवले भरलेले होते.